डोंगराच्या वाटण्या

भूगोलाच्या तासाला प्राकृतिक विभागांचा नकाशा रंगवणे कोणाला चुकलेले नाही. किनारपट्टी हिरवी, डोंगर तपकिरी, पठार पिवळे. रंग भरून झाले की काम संपते. एखाद्या चौकस मुलीने ‘ही रेषा नेमकी इथूनच का जाते?’ असे विचारले, तर ‘पुस्तकात तशी आहे’ असे सांगून आपण वेळ मारून नेतो. ही रेषा कोणीतरी, केव्हातरी, कशाच्या तरी आधारे काढलेली असते. तिच्यावरून वादही झालेले असतात. असाच एक वाद आम्ही येथे सांगणार आहोत. तो जर्मनीतील आहे आणि एका फारशा उंच नसलेल्या डोंगराळ मुलखाबद्दल आहे.

उंच पर्वताच्या बाबतीत निसर्ग स्वतःच बऱ्याच रेषा आखून देतो. हिमालयात किंवा आल्प्समध्ये झाडे जिथे संपतात ती वृक्षरेषा, त्यावर गवताळ कुरणे, त्यावर बर्फ. चढणाऱ्या माणसालाही पट्टा बदलल्याचे कळते. मध्य युरोपात मात्र डोंगरांचा एक निराळाच प्रकार पसरलेला आहे. जर्मन लोक त्यांना ‘मिटेलगेबिर्गे’, म्हणजे मध्यम उंचीचे पर्वत म्हणतात. यांची माथी गोलसर, बरीचशी हजार मीटरच्या आतली, कधीकाळी झिजून सपाट झालेली आणि पुन्हा वर उचलली गेलेली. पश्चिम जर्मनीतील आयफेल हा त्यांतलाच. त्याच्या पूर्वेला ऱ्हाइन नदी, दक्षिणेला मोझेल, उत्तरेला कोलोन व आखेनकडची सखल जमीन आणि पश्चिमेला बेल्जियममधील आर्देन. सर्वांत उंच शिखर होहे आख्ट, ७४७ मीटर. आपल्या सह्याद्रीतील मध्यम उंचीचे किल्लेही याहून उंच भरतील. बराचसा मुलूख चारशे ते सहाशे मीटर उंचीवरचे लाटेसारखे पठार आहे आणि नद्यांनी ते खोल चिरले आहे. पर्वत म्हणावे तर शिखरांची रांग नाही, पठार म्हणावे तर दऱ्या पाठ सोडत नाहीत.

तरीही हा मुलूख एकसारखा नाही. पायाचा खडक सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या डेव्होनियन काळातील पाटीचा दगड आणि वालुकाश्म. त्यात मधूनमधून चुनखडीचे खोलगट पट्टे. या काळाच्या एका टप्प्याला जगभरचे भूवैज्ञानिक ‘आयफेलियन’ म्हणतात, ते याच मुलखावरून. पाटीच्या दगडातून वर आलेले बेसाल्टचे जुने सुळके आहेत, त्यांपैकी होहे आख्ट हा एक. शिवाय गेल्या काही लाख वर्षांतील ज्वालामुखीही आहेत. त्यांतल्या लाखर झे या ज्वालामुखीचा मोठा उद्रेक साधारण १३ हजार वर्षांपूर्वी झाला. पावसाचेही तेच. पश्चिमेकडील होहेस फेन या दलदलीच्या माथ्यावर वर्षाला सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर ईशान्येच्या पायथ्याला जेमतेम ६००. घाटमाथा ओलांडून पूर्वेला उतरणाऱ्याला हा प्रकार नवा नाही; आयफेलमध्ये तो बराच सौम्य आहे एवढेच.

अशा मुलखाचे भाग पाडायचे कसे? अठराव्या शतकात याचे एक सुटसुटीत उत्तर फ्रान्समधून आले. फिलिप ब्वाश या नकाशाकाराने १७५२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे अशी कल्पना मांडली, की पृथ्वीचा पृष्ठभाग म्हणजे नद्यांची खोरी आणि त्यांना वेगळे करणाऱ्या पर्वतरांगा. राज्यांच्या सीमा लढायांनी बदलतात, पाणलोटाची रेषा बदलत नाही. तेव्हा भूगोल खोऱ्यांवरून शिकवावा. ही कल्पना शिक्षकांना फार सोयीची वाटली व जर्मनीतही तिचा प्रसार झाला. पण तिच्यात एक खोट होती. दोन खोऱ्यांमध्ये पर्वत असलाच पाहिजे, असे धरून चालल्यामुळे प्रत्यक्षात जिथे साधा उंचवटाही नाही तिथे नकाशावर पर्वतरांगा उमटू लागल्या. आयफेलमध्ये तर पाणलोटाची रेषा सपाट माळावरून जाते. तिच्या दोन्ही बाजूंना तोच दगड, तीच माती, तेच गवत.

दुसरे उत्तर दगडाने दिले, आणि त्याच्या सुरुवातीला एक शाळामास्तर भेटतो. योहान श्टाइनिंगर हे त्रिअर गावच्या माध्यमिक शाळेत शिकवत आणि सवड मिळेल तेव्हा आयफेल तुडवत. ज्वालामुखीच्या स्फोटाने जमिनीत पडलेल्या आणि पुढे पाण्याने भरलेल्या गोल खळग्यांना तिथले लोक ‘मार’ म्हणत. श्टाइनिंगर यांनी १८१९ मध्ये ऱ्हाइनच्या मध्यभागावरील आपल्या भूवैज्ञानिक ग्रंथात हा शब्द वापरला आणि खेड्यातला तो शब्द साऱ्या जगाची परिभाषा झाला. पुढे बॉनचे खाण-अधिकारी हाइनरिख फॉन डेखेन यांनी १८५५ पासून ऱ्हाइनलँड व वेस्टफालिया प्रांतांचे भूवैज्ञानिक नकाशे १:८०,००० या प्रमाणावर प्रसिद्ध केले. आता रेषा काढायला भक्कम आधार मिळाला: चुनखडी इथे संपते, वालुकाश्म इथे सुरू होतो.

तिसरे उत्तर वनस्पतींचे. रॉबर्ट ग्राडमान हे धर्मोपदेशक; आधी वनस्पतींच्या नादी लागले, मग ग्रंथपाल झाले आणि अखेर भूगोलाचे प्राध्यापक. दक्षिण जर्मनीतील श्वेबिश आल्ब या चुनखडीच्या डोंगराच्या वनस्पतिजीवनावर त्यांनी १८९८ मध्ये ग्रंथ लिहिला. दगड, पाऊस, उतार, ऊन या सगळ्यांचा एकत्रित हिशेब झाडे आधीच करून बसलेली असतात. मग प्रत्येक घटक वेगळा मोजत बसण्यापेक्षा झाडेच वाचावीत, असा या विचाराचा रोख होता. आम्हांला तो फार मोलाचा वाटतो. पण आयफेलमध्ये तो जसाच्या तसा लावायला गेले की मोठी अडचण उभी राहते. तिथली झाडे निसर्गाने लावलेलीच नव्हती.

ही अडचण जरा सावकाश पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच आणि नंतर प्रशियन सैनिकी मोजणीदारांनी काढलेल्या नकाशांवर आयफेलच्या माथ्यांवर मैलोन्मैल झुडपी माळरान दिसते. तिथे एकेकाळी प्रामुख्याने बीच वृक्षांचे जंगल होते. ते कोळशासाठी, लोखंडाच्या भट्ट्यांसाठी, गुरांच्या चराईसाठी गेले. उरलेल्या माळावर शेतकरी ‘शिफेल’ नावाची शेती करीत. झुडपांसकट जमिनीचा वरचा थर कुदळीने सोलायचा, वाळवायचा, ढीग करून जाळायचा, राख पसरायची आणि त्यावर राय पेरायची. एकदोन पिके घेतली की जमीन पुढे बरीच वर्षे पडीक. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात त्याची आठवण होईल. फरक असा, की राबाला कवळ, शेण, पालापाचोळा बाहेरून आणून घालतात, इथे जमिनीचे कातडेच जाळत. उतारांवर निराळी पद्धत. ओकची झाडे दर पंधरावीस वर्षांनी बुंध्यापासून तोडायची, साल कातडी कमावणाऱ्यांना विकायची, फांद्या जागेवर जाळून खुंटांच्या मध्ये एक पीक राय काढायची आणि खुंटांना पुन्हा फुटू द्यायचे.

१८१५ मध्ये हा मुलूख प्रशियाकडे आला. गरिबी इतकी, की अधिकारी याला प्रशियाचा सैबेरिया म्हणत आणि इथली बदली म्हणजे शिक्षा समजत. सरकारने माळरानावर सरळ रांगांत स्प्रूस लावायला घेतला. स्थानिक लोकांना चराईची जमीन जाते म्हणून तो नकोसा होता, त्यांनी त्याला ‘प्रशियन झाड’ असे नाव ठेवले. १८८८ मध्ये आडोल्फ ड्रोंके या त्रिअरच्याच शाळेच्या मुख्याध्यापकांनी ‘आयफेलफेराइन’ ही संस्था स्थापली; पायवाटा, मार्गदर्शिका, झाडे लावणे असा तिचा उद्योग होता. (आयफेलच्या कहाणीत शिक्षक सारखे आडवे येतात, त्याला आमचा इलाज नाही.) शंभर वर्षांत माळरानाचे काळपट हिरवे जंगल झाले. आता सांगा, यांतले आयफेलचे ‘नैसर्गिक’ रूप कोणते? बीचचे हरवलेले जंगल, झुडपी माळ की स्प्रूसच्या रांगा? चुनखडीच्या टेकड्यांवरची जूनिपर आणि ऑर्किडची जी सुंदर कुरणे आज जपली जातात, तीही शतकानुशतके मेंढ्या चारल्यामुळे झालेली. मेंढपाळ गेला की तिथे झाडी माजते.

हा प्रश्न ज्यांना पडला त्यांनी तो पायी फिरून पाहिला. योझेफ श्मिथ्यूझन यांनी १९३४ मध्ये ऱ्हाइनच्या डाव्या तीरावरील या ओकच्या तोडवनांवर प्रबंध प्रसिद्ध केला. कार्लहाइन्झ पाफेन यांनी १९४० मध्ये आयफेलच्या माळरानांवर आणि तिथल्या पडीक-शेतीवर लिहिले. दोघांचाही निष्कर्ष साधारण एकाच दिशेचा होता: माणसाने झाडे बदलली, तरी जमिनीची कुवत तो तितक्या सहज बदलू शकत नाही. एकाच पद्धतीची शेती दोन उतारांवर केली तर परिणाम दोन निघतात. नकाशा काढायचा तो या कुवतीचा. राइनहोल्ड ट्युक्सेन यांनी १९५६ मध्ये याच विचाराला नेमके रूप दिले: आज माणसाने हात काढून घेतला तर त्या जागी कोणती वनस्पती येईल, ती तिथली ‘संभाव्य नैसर्गिक वनस्पती’.

याच सुमारास वरून पाहण्याची सोय झाली होती. बॉनचे भूगोलज्ञ कार्ल ट्रोल यांनी १९३९ मध्ये विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या वापरावर लेख लिहिला आणि त्यात ‘भूदृश्य-परिस्थितिकी’ ही संज्ञा प्रथम वापरली. वरून पाहिले की माती, ओलावा व वनस्पती यांचे ठिपके एकदम दिसतात. श्मिथ्यूझन यांनी १९४८ मध्ये या ठिपक्यांना एक घरगुती नाव दिले, ‘फ्लीझ’ म्हणजे लादी. ज्या तुकड्यात दगड, उतार, मातीची जाडी, पाणी, हवा हे सगळे जवळजवळ सारखे, ती एक लादी. चुनखडीचा दक्षिणेकडे तोंड करून असलेला कोरडा उतार ही एक लादी. त्याच टेकडीची सावलीची बाजू दुसरी. खाली ओढ्याकाठची पाणथळ पट्टी तिसरी. माथ्यावरची, पाटीच्या दगडापासून झालेली आणि पावसात चिकट होणारी माती चौथी.

लादीची कल्पना सोपी आहे, पण तिच्यातून निघणारी पुढची गोष्ट मुलांना आवर्जून समजावून द्यावी. मोठा विभाग एकसारखा नसतो. त्यात चारसहा प्रकारच्या लाद्या ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात: माथा, उतार, तळ; माथा, उतार, तळ. फरशीची नक्षी जिथे बदलते तिथे विभागाची सीमा. म्हणजे आपण ‘सारखेपणा’ शोधत नसून ‘नक्षी’ शोधत असतो. एखादी वेगळी लादी मध्येच आली म्हणून विभाग मोडत नाही. ज्या शाळेजवळ टेकडी आणि ओढा आहे, तिथे हे दोन तासांत दाखवता येते: माथ्यापासून ओढ्यापर्यंत सरळ चालायचे, दर पन्नास पावलांवर मातीची जाडी, ओलावा व तीन मुख्य वनस्पती लिहायच्या आणि मग वहीत सीमा आखायची. दोन गटांच्या सीमा सहसा जुळत नाहीत. तिथून खरा धडा सुरू होतो.

हे काम साऱ्या देशासाठी करण्याची योजना ज्यांनी चालवली त्यांचा इतिहास नितळ नाही, आणि तो झाकून पुढे जाणे आम्हांला बरे वाटत नाही. एमिल मायनेन हे १९३० च्या दशकात सीमेपलीकडील जर्मनवंशीयांविषयी संशोधन करणाऱ्या, नाझी राजवटीच्या कामी आलेल्या मंडळांच्या मध्यवर्ती कार्यालयाचे काम पाहत. १९४१ मध्ये सरकारी मोजणी खात्यात देशवर्णनाचा विभाग निघाला, त्याचे ते प्रमुख झाले. युद्धानंतर अमेरिकनांनी त्यांना काही काळ अटकेत ठेवले. पण ते सुटले, तोच विभाग नव्या नावाने उभा राहिला आणि ऱ्हाइनकाठच्या रेमागेन गावी स्थिरावला. देशाची फाळणी झालेली होती, तरीही मायनेन, श्मिथ्यूझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संपादनाखाली १९५३ ते १९६२ या काळात निघालेल्या ‘जर्मनीच्या निसर्गविभागांच्या हस्तपुस्तिके’त पूर्व व पश्चिम असे दोन्ही जर्मनी आले.

या पुस्तिकेची रचना ग्रंथालयातील दशांश वर्गीकरणासारखी आहे. दोन अंकी आकडा म्हणजे विभागांचा गट, तीन अंकी म्हणजे मुख्य विभाग आणि त्यापुढे बिंदू देऊन हवे तितके बारीक तुकडे. २४ म्हणजे हुन्सऱ्यूक, ३० टाउनुस, ३२ वेस्टरवाल्ड, ३८ हार्त्स. आयफेलला दोन आकडे मिळाले, २७ पूर्व आयफेल आणि २८ पश्चिम आयफेल. पश्चिमेच्या २८३ मध्ये होहेस फेनची दलदल. पूर्वेच्या २७६ मध्ये ‘काल्कआयफेल’, म्हणजे चुनखडीचा आयफेल. सगळा देश १:१०,००,००० च्या एका नकाशावर आला. त्याशिवाय १:२,००,००० प्रमाणाचे तपशीलवार नकाशे पुस्तिकांसह निघू लागले; श्मिथ्यूझन यांनी केलेला कार्ल्सरूअचा पहिला नकाशा १९५२ मध्ये आला.

काम सुरू झाल्यावर मतभेद उघड झाले. लाद्या जुळवत खालून वर जायचे, हे तत्त्व. पण साऱ्या देशाच्या लाद्या मोजायला माणसे आणि पैसा कुठून आणणार? प्रत्यक्षात बहुतेकांनी भूवैज्ञानिक व उठावाचे नकाशे समोर ठेवून, अनुभवाने, वरून खाली भाग पाडले. पूर्वेकडे ड्रेस्डेन-लाइपझिगच्या एर्न्स्ट नेफ यांनी खालून जाण्याचाच आग्रह धरला आणि छोट्या क्षेत्रांत माती व पाणी प्रत्यक्ष मोजून दाखवले. त्यांचे काम अधिक चोख, पण त्यातून देशाचा नकाशा लवकर होणे शक्य नव्हते. पश्चिमेच्या तपशीलवार नकाशांमध्येही हस्तपुस्तिकेतल्या सीमा पुढच्या लेखकांनी ठिकठिकाणी हलवल्या. कित्येक जागी सीमा ही रेषा नसून काही किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे, हे सर्वांना मान्य होते. छापताना मात्र रेषाच काढावी लागे. ही मालिका १९९४ पर्यंत चालली आणि अपुरीच थांबली.

नावांचाही घोळ झाला. आयफेल म्हटले की जर्मन माणसाला ज्वालामुखी व मार आठवतात, पण २७ व २८ या गटांतल्या मुख्य विभागांमध्ये ‘ज्वालामुखी आयफेल’ नावाचा विभाग नाही. कारण उघड आहे. ज्वालामुखीचे शंकू आणि मार सुटे सुटे विखुरलेले आहेत. त्यांच्यामधली जमीन कुठे चुनखडीची, कुठे पाटीच्या दगडाची. नक्षी पाहणाऱ्याने ते शेजारच्या विभागांत वाटून टाकले. लोकांना हे पटले नाही आणि पर्यटनाला तर मुळीच परवडणारे नव्हते. २००७ मध्ये डाउन जिल्ह्याने आपले नावच ‘फुल्कानआयफेल’ करून घेतले, आणि २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानांच्या यादीत हेच नाव गेले. शास्त्रज्ञांच्या आकड्यांपेक्षा ते जास्त टिकेल, असा आमचा अंदाज आहे.

सर्वांत मोठा घाव मात्र आतून बसला. १९६९ मध्ये कील येथे भरलेल्या भूगोलज्ञांच्या परिषदेत विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांना सरळ विचारले, की हे विभाग खरोखर निसर्गात आहेत की तुमच्या डोक्यात? तुम्ही वर्णन करता, पण सिद्ध काय करता? पुढच्याच वर्षी गेरहार्ड हार्ड यांचे पुस्तक आले. त्यांचे म्हणणे असे, की ‘लांडशाफ्ट’ या जर्मन शब्दात मुळातच एक चित्रमय, सुसंवादी, डोळ्यांना सुखावणारी अखंडता भरलेली आहे. भूगोलज्ञ तीच जमिनीवर शोधतात आणि सापडली म्हणून आनंद मानतात. हा आरोप बोचरा होता आणि बराचसा खरा होता. विद्यापीठांत या कामाची प्रतिष्ठा झपाट्याने उतरली. आमच्या मते टीकाकारांनी एक बाजू मात्र हलकी लेखली. विभाग निसर्गात ‘असतो’ की नाही हा एक प्रश्न, तो कामाला येतो की नाही हा दुसरा. आपल्याकडे नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेने १९९२ मध्ये भारताचे २० कृषि-परिस्थितिकी विभाग पाडले, तेही कोणी जमिनीवर आखलेले पाहिले नाहीत. पीक-नियोजनाला ते लागतात.

आणि काम तर येऊन उभे राहिलेच. युरोपीय समुदायाने १९९२ मध्ये अधिवासांच्या संरक्षणाचा निर्देश काढला. कोणत्या भागात काय दुर्मीळ आहे हे ठरवायला भाग हवेत, आणि तयार भाग एकाच ठिकाणी होते. १९९४ मध्ये हस्तपुस्तिकेचे विभाग एकत्र करून देशाचे सत्तरच्या आसपास मोठे विभाग केले गेले. त्यात पूर्व व पश्चिम आयफेल पुन्हा एक झाले. पुढे बियाण्यांचा प्रश्न आला. रस्त्याच्या कडेला किंवा कुरणात पेरायचे रानगवत दूरच्या मुलखातून आणले तर स्थानिक वाणांत भेसळ होते. म्हणून देशाचे २२ ‘मूळ प्रदेश’ ठरवले गेले, तेही याच निसर्गविभागांच्या जुळणीतून. मार्च २०२० पासून मोकळ्या निसर्गात परक्या प्रदेशाचे बियाणे पेरायला परवानगी लागते. आयफेल, हुन्सऱ्यूक, टाउनुस, वेस्टरवाल्ड हे सर्व सातव्या प्रदेशात, ‘ऱ्हाइनच्या डोंगराळ मुलखा’त मोडतात. लाद्यांचा तो जुना खेळ आता बियाण्याच्या पोत्यावर छापलेला असतो.

पुढच्याच वर्षी एका नदीने ब्वाश यांची आठवण करून दिली. आर नदी ब्लांकेनहाइम गावातील एका घराच्या तळघरात उगम पावते. हा भाग चुनखडीच्या आयफेलचा. तिथून ती आरआयफेलच्या पाटीच्या दगडाच्या अरुंद, उभ्या दरीत शिरते आणि रेमागेनच्या दक्षिणेला ऱ्हाइनला मिळते, म्हणजे जिथे बसून हे विभाग पाडले गेले त्या गावाच्या सीमेवर. तिचे खोरे सुमारे ९०० चौरस किलोमीटरचे. १४ जुलै २०२१ रोजी त्यावर कोसळलेले पाणी रात्रीत दरीतून खाली आले आणि एकट्या आरच्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसे गेली. पाण्याला २७६ आणि त्यापुढचे आकडे माहीत नव्हते. त्याच्यासाठी तो एकच विभाग होता. पूररेषा आखताना विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या मोजणीवर भिस्त ठेवली गेली होती आणि १८०४ व १९१० चे मोठे पूर त्या हिशेबाबाहेर राहिले होते. बॉन विद्यापीठाच्या भूगोल विभागातील दोघा संशोधकांनी जुन्या इमारतींवरील पूरखुणा व कागदपत्रांवरून त्या पुरांचे प्रमाण काढून २०१४ मध्येच प्रसिद्ध केले होते. १८०४ चा पूर २०२१ च्या तोडीचा होता.